ऊन स्वस्त, तारा महाग

सांगलीहून आईने वीजबिलाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "अगं, स्मार्ट मीटरवाल्यांना आता सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वीज स्वस्त म्हणे. मशीन दुपारीच लावत जाऊ का?"

लाव, म्हटलं. इथे कॅलिफोर्नियात मीही हेच करते. दुपारी 4 ते रात्री 9 दर चढा, म्हणून आमचं मशीन रात्री साडेनऊला सुरू होतं. पण त्यापुढचा तिचा प्रश्न जास्त मोलाचा होता: "मग बिल खरंच उतरेल?"

महाराष्ट्रात 2025 च्या जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की पहिल्या वर्षी 10 आणि पाच वर्षांत 26 टक्के दर कमी होतील. भिस्त स्वस्त सौरऊर्जेवर. मला ते व्हायला हवंच आहे, पण इथलं पाहून काळजी वाटते.

इथे वसंतात भर दुपारी इतकी सौरवीज होते की काही प्रकल्प थांबवावे लागतात. तरी खासगी कंपन्यांच्या ग्राहकांना युनिटमागे 30 सेंटच्या वर, काही ठिकाणी 40 च्या आसपास मोजावे लागतात. अमेरिकेची सरासरी 17 च्या आसपास. पैसा जातो तो तारांवर. 2018 मध्ये वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरचा जवळपास शंभर वर्षं जुना, झिजलेला लोखंडी आकडा तुटला, तार निसटली, ठिणग्या पडल्या, वणवा पेटला. पॅराडाइझ हे गाव जळालं, 85 माणसं गेली. तेव्हापासून झाडं तोडणं, तारा जमिनीखाली नेणं, या सगळ्याचा खर्च बिलात चढतो आहे. वेळच्या वेळी न केलेली देखभाल शेवटी ग्राहकच भरतो.

याच राज्यात सॅक्रामेंटोची सार्वजनिक वीजसंस्था शेजारच्या खासगी कंपनीच्या निम्म्याच्या आसपास दराने वीज देते. तिला नफा काढायचा नसतो, हे खरं. पण तिचा भाग मुख्यतः सपाट, शहरी आहे, वणव्याचा धोका कमी, हेही तितकंच खरं. त्यामुळे "सरकारी म्हणजे स्वस्त" असा सरळ हिशेब मी मांडणार नाही.

आईच्या बिलावर वीज आकार वेगळा, वहन आकार (म्हणजे तारांमधून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) वेगळा, स्थिर आकार वेगळा. सौरऊर्जेने उतरेल तो पहिला. बाकीचे दोन उतरतील असं ठामपणे सांगताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही, आणि आपली सगळी चर्चा युनिटच्या दरावरच अडकते. दुपारच्या सवलतीचंही तसंच. आई घरी असते, तिला ती मिळेल. दादा-वहिनी दोघं नोकरीला. त्यांचे दिवे, पंखे, मिक्सर संध्याकाळी सातनंतरच चालतात.

आईला लिहिलं, मागच्या वर्षीचं याच महिन्याचं बिल काढ, दोन्ही शेजारी ठेव, आणि वहन आकाराच्या ओळीचा फोटो पाठव. वीज नियामक आयोगाची पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा दादाने तोच कागद घेऊन जावं.