चोरलच्या जंगलात नायकाने बसावं की चालावं?

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका किशोरकथेवरून आठवडाभर वाद पेटलाय. कथेतला बारा वर्षांचा मुलगा इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात सहलीपासून चुकतो आणि सापडेपर्यंत एका झाडाखाली बसून राहतो. रामबागेतले काका म्हणाले, "हा कसला नायक? होळकरांच्या गावातलं पोरगं असं हातपाय गाळून बसेल?" लगेच अंगठ्यांची रांग लागली. मग सूचना आल्या: त्याला ओढ्याकाठाने चालवा, दोन दगड घासून आग पेटवू द्या.

काका, बसणंच कठीण असतं. इथे कॅनडात लहान पोरांना शिकवतातच: चुकलास की एक झाड धर आणि तिथेच थांब. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डोंगरात नऊ वर्षांचा मुलगा हरवून दगावला, त्यानंतर हा धडा सुरू झाला. मूल दुप्पट लांब गेलं की शोधायचा परिसर चौपट होतो. शिवाय ते सरळ जातच नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात चालायला लावून जीपीएसने माग काढला. सूर्य ढगाआड असताना ती गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत राहिली.

ओढ्यासाठी सगळे 1971 सालच्या पेरूतल्या मुलीचा दाखला देतात. विमान कोसळल्यावर सतरा वर्षांची युलियाने केप्के पाण्याच्या कडेने चालत अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोचली, हे खरंच. पण तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते, ती त्याच जंगलातल्या संशोधन केंद्रावर राहिलेली होती, आणि तिथली गर्द झाडी वरून भेदून कोणाला खालचं दिसत नव्हतं. चोरलला माळव्याचं पठार संपतं. तिथला ओढा धरून निघालेलं पोरगं कड्याच्या टोकाशी पोचेल. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवरच आहे, हे इंदूरकरांना मी सांगावं?

आगीचंही तेच. आपल्याकडचा काळा दगड काळ्या दगडावर घासून हात सोलतात, बाकी काही होत नाही. पेटवणारी ठिणगी पोलादातून सुटते: गारगोटीच्या धारदार कडेवर विळा घासून मारायचा आणि ठिणगी जळक्या सुती चिंधीवर झेलायची. साध्या कापसावर ती विझते. चिंधी धुमसली की वाळक्या गवतात घेऊन फुंकर. जंगलात एकट्या अडकलेल्या मुलावरच्या 'हॅचेट' कादंबरीचे लेखक गॅरी पॉल्सन यांनी स्वतः कुऱ्हाड दगडावर मारून आग पेटवून पाहिली, कासवाची कच्ची अंडीही खाऊन पाहिली. ती घशाखाली उतरेनात. म्हणून ती पानं खरी वाटतात. आपले लेखक चोरलला जातात ते भुट्टे खायला.

बसणाऱ्या मुलालाही कामं पुष्कळ असतात. खाली किमान वीतभर जाड पालापाचोळा, कारण ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते. कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला तोंडापुरतं भोक पाडून ती अंगावर. थांबून थांबून तीन-तीन शिट्ट्या. ओरडलं तर घसा बसतो. श्रावणातल्या पावसात भिजलेलं पोर बर्फाशिवायही गारठतं. हुडहुडी भरते तोवर शरीर झुंजतंय. गरम न होताच ती थांबली आणि बोलणं अडखळलं, तर प्रकरण गंभीर.

"तिथे बसून सांगायला काय जातं," असं काकांनी लिहिलंय. आपल्याकडच्या गुराख्याला शिट्टी लागत नाही, हेही त्यांचंच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी अजून स्वतःला इंदूरचा म्हणवतो, पण जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे आधी इथला सूचिपर्णी स्प्रूस येतो. पळस आठवून आणावा लागतो. कदाचित म्हणूनच एवढा तावातावाने लिहितोय.

तरी नायकाला चालवायचंच असेल, तर धबधब्याच्या वरच्या अंगाला, मधल्या खडकावर न्या. डोक्यावर ऊन ठेवा, पाऊस वरच्या गावांत पाडा. पाणी गढूळ होतं, काटक्या-पानं वाहत येतात, वरून घरघर ऐकू येते. त्या क्षणी चपला, डबा, मोबाइल टाकून काठावर, आणि काठावरून आणखी उंच. 2011 च्या जुलैत याच पाताळपाणीला सहलीचं एक कुटुंब खडकावर अडकून वाहून गेलं. तो व्हिडिओ याच ग्रुपवर कितीदा फिरलाय. त्या खडकावरून पोराला वेळेत उठवून दाखवा, काका.