आज जरा वारा आहे

रिमोटचं विमान उडवायला दोनच गोष्टी लागतात, असं दुकानदार सांगतो : विमान आणि रिमोट. तिसरी, म्हणजे ते हातातून सोडायची छाती, कुठल्याच खोक्यात मिळत नाही. ती येईपर्यंत माणूस तयारी करतो. माझी तयारी दिवाळीत सुरू झाली आणि आता रानातली ज्वारी निघाली होती.

विमान फोमबोर्डचं, हॉट ग्लूने चिकटवलेलं. नाकाशी मोटर, पोटात तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी. ही बॅटरी घरात आली आणि घराची शांतता गेली. पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट, त्यापुढे नेली, चेपली किंवा टोचली तर पेटू शकते. बरं, भरून नुसती ठेवायचीही सोय नाही. उडवायची नसेल तर दर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. म्हणजे रात्री ‘उद्या नक्की’ म्हणत भरायची आणि सकाळी झाडाचं पान हललं की उतरवायची. चार्जिंग चालू असताना मी वाळूची बादली घेऊन शेजारी बसतो. बायको एकदा म्हणाली, “अहो, पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा तर घोरत होतात.”

मग सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शात विमानाचा तोल साधला पाहिजे. माझा पंख वीस सेंटिमीटर रुंद, म्हणून साडेपाचवर दोन्हीकडे ठिपके दिले, ठिपक्यांखाली एकेक बोट लावलं आणि विमान उचललं. त्याने शांतपणे शेपूट टेकली. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं आणि शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, असं या छंदातले जुनेजाणते सांगतात. बॅटरी पुढे सरकवली, तरी शेपूट खालीच. शेवटी नाकात दहाची दोन नाणी चिकटपट्टीने बसवली. दहाचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं, हे ज्ञान मला याच निमित्ताने झालं. विमान बोटांवर असं आडवं राहिलं की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेपूट पुन्हा खाली. तपासाअंती कळलं की नाण्यांची कोथिंबीर आली होती.

प्रोपेलर काढून ठेवून रिमोटवरच्या काठ्यांची तपासणी मात्र मी रोज करत असे. विमानाच्या मागे उभं राहून काठी उजवीकडे : उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, वर, डावा खाली. काठी मागे : एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी झडप, वर. रिमोट बंद केला की मोटर थांबली पाहिजे. हे सगळं समजतं. घोळ होतो तो विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागल्यावर. तेव्हा त्याचं उजवं आपल्या डावीकडे असतं. उपाय सोपा आहे : जो पंख खाली जाताना दिसेल त्याच बाजूला काठी लोटायची. विमान आणि नारळाचं झाड यांच्यात दोन सेकंदांचं अंतर उरलं असताना हा सोपा उपाय आठवणं ही वेगळी साधना आहे.

जागेचा प्रश्न सरकारने सोडवला. ड्रोन नियम 2021 आले तेव्हापासून कुठे उडवता येतं ते नकाशावर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत बघता येतं, आणि लोहगावला हवाई दलाचा तळ असल्यावर पुण्यात हिरवं शोधायचं तरी कुठे? सासुरवाडी शिरूरकडे, तिथे हिरवं. नकाशातही आणि बांधापलीकडेही, कारण बांधापलीकडे बारा फुटी ऊस उभा होता. उसात पडलेलं विमान तोडणीलाच परत मिळतं.

भल्या सकाळी रानात आख्खं गाव. मेव्हणा म्हणाला, “दाजी, पहिलं मी उडवणार.” मी त्याला राइट बंधूंची गोष्ट सांगितली. नाणेफेक जिंकली विल्बरने, आणि 14 डिसेंबर 1903 ला विमान आपटलंही त्यानेच. दुरुस्ती होऊन तीन दिवसांनी ऑर्व्हिल 12 सेकंद उडाला, आणि इतिहासात फोटो त्याचा. तात्पर्य, घाई करू नये. मेव्हण्याला ते पटलं नाही. मला मात्र इतकं पटलं की मी पुन्हा रिमोटची रेंज तपासायला निघालो.

चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. माती सरळ खाली पडली. पुन्हा सोडली. मग मी सर्वोच्या, म्हणजे झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या, वायरी चाचपल्या, प्रोपेलरची नट आवळली, सीजी पुन्हा बोटांवर घेतला. चहाची दुसरी किटली आली.

“पाव्हणं,” सासरे म्हणाले, “औत जुंपाय बी एवढा येळ लागत न्हाय.”

“मामा, जरा वारा...”

“कुटं हाय वारं?” त्यांनी पोटाखाली हात घालून विमान उचललं. थ्रॉटल, म्हणजे मोटरला वेग, द्यायला ते सांगतील असं वाटलं नव्हतं, पण गल्लीतल्या पोरांच्या मोबाइलवर त्यांनी बरंच पाहून ठेवलं होतं. “द्या आता!” मी काठी पुढे केली, मोटर किंचाळली आणि मामांनी गोफण फिरवलेल्या हाताने ते सरळ, किंचित वर फेकलं.

ते उडालं! डगमगलं नाही, वळलं नाही, दोन नाण्यांसकट बाभळीच्या वरून गेलं. पोरं ओरडत मागे धावली. मी अंदाजाने काठी उजवीकडे केली, तर ते खरोखर उजवीकडे वळलं.

“झ्याक!” मामा म्हणाले. “आता खाली कसं आणायचं?”

सरावाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खोट्या विमानावर, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. तिथे ते आपलं आपणच खाली यायचं, नाकावर.