आधी फॉर्म भरून घ्या, संख्याशास्त्राचं नंतर बघू

सामाजिक शास्त्रांत संशोधन करायचं ठरवलंत, अभिनंदन! गणिताशी काडीमोड घेऊनच तर तुम्ही इकडे आलात. आता प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाच्या तोंडावर ते पुन्हा दारात उभं राहिलं, म्हणून हातपाय गाळू नका. संख्याशास्त्र शिकायला वर्ष जातं, टाळायला एक दुपार पुरते.

सुरुवात प्रश्नावलीपासून करा. पन्नास तरी प्रश्न हवेत. कुठल्या उत्तराचं पुढे काय करणार, हे आत्ताच ठरवत बसलात तर निम्मे प्रश्न गळतील आणि प्रबंध बारीक दिसेल. प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच घरं आखा. रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये ही सोय करून ठेवली आहे. एकाच वृत्तीबद्दलची अनेक विधानं घेऊन त्यांचे गुण एकत्र मोजायचे, अशी त्याची कल्पना होती. तुम्ही एकेका विधानाची सरासरी काढा, दोन दशांश स्थळांपर्यंत.

नमुना निवड म्हणजे लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे. फॉर्म भरणारे तुमचेच मित्र असतील. प्रबंधात त्यांना ‘आजची तरुण पिढी’ म्हणा. कुणी शंका काढलीच तर आकडा वाढवा. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्या वगैरे धुंडाळून सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त भरून आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येणार असं साप्ताहिकाने छापलं. त्याच्या विरोधातल्या रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं जिंकली, ही गोष्ट वेगळी. पण वीस लाख! केवढा भारदस्त आकडा!

आता माहिती संगणकात भरा. पुरुष 1, स्त्री 2. मग सगळे रकाने एकदम निवडून सरासरीचं बटण दाबा. तुमच्या उत्तरदात्यांचं सरासरी लिंग 1.43 येईल. हा तक्ता काढून टाकू नका, पान भरतं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यासाठी 99 लिहायचं असतं. तेवढं लिहा, आणि 99 म्हणजे ‘उत्तर नाही’ हे सॉफ्टवेअरला सांगायचं मात्र विसरा. दोनशे कुटुंबांपैकी दहांनी मुलांचा आकडा दिला नाही आणि बाकीच्यांची सरासरी अगदी 2 असली, तरी तुमची 6.85 निघेल. लोकसंख्येच्या विस्फोटावर एक शोधनिबंध आयताच सुटला.

राहता राहिला ‘पी’, म्हणजे चाचणीच्या शेवटी सॉफ्टवेअर देतं तो आकडा. शून्य परिकल्पना (म्हणजे ‘मुळात काही फरकच नाही’ हे गृहीतक) खरी धरली तर एवढा किंवा याहून टोकाचा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, असं काहीतरी लांबलचक शिक्षक सांगतात. तुम्ही सरळ ‘माझं म्हणणं 95 टक्के खरं’ असं लिहा. परीक्षकांपैकी बऱ्याच जणांचीही तीच समजूत असते. (हे मी म्हटल्याचं कुठे बोलू नका.) ‘पी’ 0.05 च्या खाली आला की निकालाला ‘लक्षणीय’ म्हणतात; येत नसेल तर निराश होऊ नका. वय, शिक्षण, उत्पन्न, जन्मक्रम, चष्म्याचा नंबर, जे हाती लागेल ते एकमेकांशी ताडून बघा. मुळात कुठेच काही नसलं तरी वीस स्वतंत्र चाचण्यांत एखादी तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. इतका भरवशाचा नवस दुसरा नाही. जी पावली तिलाच ‘आमची मूळ परिकल्पना’ म्हणा. उरलेल्या एकोणीस कुणी मागत नाही.

एवढं करूनही अडलंच, तर शेवटच्या आठवड्यात एखादा संख्याशास्त्रज्ञ गाठा. प्रयोग उरकल्यावर आमचा सल्ला घेणं म्हणजे बहुतेकदा शवविच्छेदन करायला सांगणं, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1938 मध्येच बोलून गेला आहे. तुम्ही फाईल पुढे सरकवून म्हणा, “सर, दोन दिवसांत होईल ना?” तो चष्मा पुसत विचारेल, “नमुना कसा निवडलात?” रागावू नका. पोस्टमॉर्टेमच्या आधी पोलीसही तेवढी चौकशी करतातच.