पाचव्या मजल्यावरची खोली

रविवारी व्हिडिओ कॉलवर नौपाड्याचे काका पुन्हा सुरू झाले. विषय विद्यार्थ्यांच्या मोर्चांचा. "आईबाप फी भरतात आणि ही पोरं घोषणा देतात. आणीबाणीत बघायला हवं होतंस! लोकल घड्याळावर यायच्या." मी सोलला येऊन सहा वर्षं झाली, त्याआधी ठाण्यात हे वाक्य जन्मभर ऐकलंय.

इथे नाम्यॉंग स्टेशनला खेटून पोलिसांची एक जुनी इमारत आहे, आता संग्रहालय झालेली. पाचव्या मजल्याच्या खिडक्या इतक्या अरुंद, की माणूस बाहेर पडूच शकणार नाही. ५०९ नंबरच्या खोलीत टेबल, खाट आणि बाथटब. भाषाशास्त्राचा विद्यार्थी पार्क जोंग-चोल १४ जानेवारी १९८७ ला इथे मेला, पाण्यात तोंड बुडवून केलेल्या छळात. पोलीस म्हणाले, आम्ही टेबलावर हात आपटला तसा तो कोसळला. मे महिन्यात लपवाछपवी उघडी पडली, जूनमध्ये मोर्चांनी रस्ते भरले आणि २९ जूनला सत्ताधाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक कबूल केली.

मी काकांना राजनबद्दल विचारलं. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा मुलगा, १ मार्च १९७६ ला पोलिसांनी उचलला, कक्कयमच्या छावणीत मारला. वडील ईच्छर वारियर हिंदीचे प्राध्यापक. १९७७ मध्ये ते हायकोर्टात गेले आणि केरळचे मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. मुलाचा मृतदेह काही मिळाला नाही. काका तेव्हा माटुंग्याला इंजिनिअरिंगलाच होते. नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. "नक्षलवादी असेल गं," म्हणाले. पोलिसांनाही तोच संशय होता.

पोरं काही धुतल्या तांदळासारखी नसतात. १९८९ मध्ये बुसानला विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आग लागून सात पोलीस गेले. त्यावर इथले लोक अजून भांडतात. भांडोत. पण दगड मारणाऱ्या पोरावर केस होते. नाव, गाव, कलम, सगळं कागदावर येतं. ५०९ मध्ये काय झालं, त्याचा कागदच खोटा निघतो. काका दोन्ही एकाच तराजूत टाकतात, माझं भांडण तेवढ्यापुरतं.

"बरं, जेवलीस का?" काकांनी विचारलं.

त्या खोलीत उभी होते तेव्हा शेजारच्या रुळांवरून गाड्यांचा आवाज येत होता. दर काही मिनिटांनी एक, अगदी वेळेवर.