‘एफ/२.८ सांगून ४.८ ची लेन्स दिली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या दुकानातली लेन्स घेऊन पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारापर्यंत जाऊन मनासारखे फोटो मिळाले नाहीत, सुट्टी वाया गेली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पण ‘एफ/२.८ सांगून ४.८ ची लेन्स गळ्यात मारली, फोटो धूसर, फोकस नुसता पुढं-मागं पळतो, यापेक्षा माझा फोन बरा, सरळसरळ फसवणूक’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंय, तर उत्तरही चारचौघांतच द्यावं लागतं.

लेन्स एफ/२.८ चीच आहे. हा आकडा लेन्स किती उजेड आत घेते त्याचा, आकडा लहान तेवढा उजेड जास्त. निकॉनची १०५ मिलिमीटर व्हीआर (हाताची थरथर सावरणारी) मायक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स, २००६ साली बाजारात आलेलं मॉडेल. विकत घेण्याआधी बाहेर वापरून पारखायची म्हणून तुम्ही ती भाड्यानं नेलीत. लांबच्या झाडावर फोकस केला की कॅमेरा २.८ च दाखवतो. पण फुलाकडं सरकत सरकत एकास एक आकारापर्यंत (फूल सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, खऱ्या मापात उमटेल इतकं) गेलात, म्हणजे सेन्सरपासून साधारण ३१ सेंटिमीटरवर, की तिथं ४.८ दिसतो. भिंतीवर बॅटरी मारून मागं सरकत गेलं की उजेडाचा गोळा मोठा होतो आणि फिका पडतो, तसंच इथं होतं. चित्र मोठं होतं, तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो, आणि जवळपास दीड स्टॉप (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा) हातचा जातो. हे कुठल्याही कंपनीच्या मॅक्रो लेन्समध्ये होतं. फरक एवढाच, की निकॉनचा कॅमेरा ही घट धरून आकडा बदलतो. कॅननच्या स्क्रीनवर २.८ तसाच राहतो, उजेड मात्र त्याचाही कमी होतोच. हे मी दुकानात सांगायला सुरुवात केली होती. तेव्हा तुम्ही फोनवर होता. असो.

आता धूसरपणाचं. रिव्ह्यूबरोबर तुम्ही जो दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या रोपट्याचा फोटो टाकलाय ना, लाल केसांवर चिकट थेंब असलेला, तो मोठा करून बघा. डाव्या बाजूच्या केसाला एक चिलट चिकटलंय. त्याच्या पंखाच्या शिरा दिसतात, अगदी मोजता येतील अशा. त्याच्याच मागचे केस मात्र लोण्यासारखे विरघळलेत. लेन्स खराब असती तर त्या शिरा आल्याच नसत्या. एवढ्या जवळून अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, पूर्ण उघडं ठेवलं तर शार्प येणारा भाग अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो. ते बारीक करत एफ/११, एफ/१६ ला गेलात तरी मिलिमीटरच्या आसपासच. त्याच्या पुढं बंद करत गेलं की डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यानं, सगळंच थोडं मऊ पडतं, म्हणजे तिकडंही फार वाव नाही. परत देताना तुम्ही कॅमेऱ्यावर सेटिंग दाखवलंत, शटर १/६० सेकंदाचं, म्हणजे संथ होतं आणि ट्रायपॉड गाडीतच राहिला होता. मसाईवरचा वारा कोल्हापूरकराला सांगायला नको. आणि व्हीआरवर भिस्त म्हणाल तर जसजसं जवळ जाल तसतसा त्याचा उपयोग कमी होतो, हे कंपनीनं स्वतः लेन्सच्या पुस्तिकेत छापलंय.

फोनचा फोटो जास्त स्पष्ट दिसतो हे खरं आहे, नाकारत नाही. त्याचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळं पुढचं-मागचं बरंचसं आपोआप फोकसमध्ये येतं. दोन्ही फोटोंची मोठी प्रिंट काढून शेजारी ठेवा, मग बोलू.

फोकस पळतो त्याचं कारण लेन्सच्या बाजूला असलेलं बटण. ते ‘फुल’वर असलं की मोटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत बसते, आणि दुसऱ्या बाजूला केलं तर अर्ध्या मीटरच्या आत लेन्स फोकसच करत नाही. म्हणून मॅक्रोवाले ऑटोफोकस बंद करतात, रिंग एका जागी ठेवतात आणि स्वतः तसूभर पुढं-मागं होतात. एवढ्या जवळ गेलं की लेन्सच्या तोंडापुढं वीतभरच जागा उरते. त्यात हुड (लेन्सच्या तोंडावरची नळी) लावून ठेवलात तर फुलावर तुमचीच सावली. फुलपाखरू थांबणार तरी कसं?

आणि लेन्स तपासून दिली नव्हती, असं कुणी म्हणू नये. आमच्याकडून कुठलीही मॅक्रो बाहेर जाते तेव्हा काउंटरवर नवी जांभळी शंभरची नोट सपाट ठेवून, स्टँडवरून फोटो काढून दाखवतो. त्या नोटेवर ‘आरबीआय’, ‘भारत’, ‘१००’ अशी बारीक अक्षरं असतात, नुसत्या डोळ्यांना रेघच वाटते. तुमच्या समोर ती अक्षरं स्क्रीनवर वाचून दाखवली. तुम्ही मान हलवलीत. त्या वेळी फसवणूक नव्हती.

खरं सांगायचं तर एक गोष्ट मनाला लागली. सोमवारी सकाळी यायची लेन्स मंगळवारी संध्याकाळी आली, फोकसच्या रिंगमध्ये पठारावरची लाल माती घेऊन. जादा दिवसाचं भाडं लावलं नाही, सफाईचे पैसे लावले नाहीत, डिपॉझिट पूर्ण परत दिलं, वर चहा झाला. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीच नाही. सिनेमा काढायला बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या कोल्हापुरात आम्ही हा धंदा करतो, थोडा अभिमान आम्हालाही आहे. पावसाळ्यात लग्नाची कामं थंड असतात, तेव्हा दुकान चालतं ते इचलकरंजी, निपाणी, सांगलीहून रेटिंग बघून येणाऱ्या पोरांवर. त्यात ‘फसवणूक’ वाचलं की पोरगं दाराशीसुद्धा येत नाही.

सूचना म्हणाल तर लेन्सबरोबर मराठीत एक माहितीचा कागद द्यायचा विचार आहे, फोकसच्या बटणाबद्दल दुकानातल्या पोरांनाही सांगून ठेवलंय, बाकीही बघतोय काय काय करता येईल ते.

लेन्स अजून विकलेली नाही. शनिवारी एक गिऱ्हाईक बघायला येणार आहे. त्याआधी दुकानात आलात तर ट्रायपॉड लावून, तुमच्याच कॅमेऱ्यावर पुन्हा बघू, भाडं घेणार नाही. घ्यायची ठरलीच तर आधीचं भाडंही किमतीतून वजा करतो. आणि येताना तुमची बॅग एकदा झटकून बघा सर, ६२ मिलिमीटरचं पुढचं झाकण परत आलेलं नाही.