ह्याचं काय जातंय?

"माणूस श्रीमंत असला तरी लोक घेतात, मवाळ असला तरी घेतात. दोन्ही एकदम असला की राष्ट्राध्यक्षपद त्याच्या हाताला लागत नाही," मास्तर म्हणाले आणि रविवारचा आमचा कट्टा तिथेच अडकला.

विषय काढला होता वकिलानं. त्याची लेक न्यू जर्सीत असते, त्यामुळे अमेरिकेची निवडणूक त्याला घरचीच. 2020 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत अब्जाधीश माइक ब्लूमबर्ग हरला हे त्याला अजून पटलेलं नाही. "महापौर म्हणून न्यूयॉर्क 12 वर्षं चालवलं, धंदा स्वतः उभा केला, कुणाच्या देणगीचा मिंधा नाही. आणखी काय पाहिजे लोकांना?"

"किती घातले रे त्यानं?" प्रेसवाल्यानं विचारलं.

"शंभर कोटी डॉलरच्या वर. 2019 च्या नोव्हेंबरात उतरला, 2020 च्या 4 मार्चला माघार."

आदल्या दिवशी 14 राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, झालं होतं. त्यातलं एकही राज्य त्याला जिंकता आलं नाही. जिंकली ती प्रशांत महासागरातली अमेरिकन सामोआची बेटं.

प्रेसवाला म्हणाला, "मी पत्रकं छापत आलोय. पत्रकानं नाव घरोघर जातं. पण शेजाऱ्याला हाताला धरून बूथवर नेणारा माणूस छापता येत नाही. पगारी माणूस संध्याकाळी घरी जातो."

हे खरंच आहे. पण मला त्या मार्चमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्याच दिवशी बायडेननं 14 पैकी 10 राज्यं घेतली. तोही मवाळच, आणि त्याच्या प्रचाराची तिजोरी तर जवळपास रिकामी. फक्त तीन दिवस आधी दक्षिण कॅरोलायनातले कृष्णवर्णीय मतदार त्याच्यामागे उभे राहिले होते. म्हणजे मवाळपणाला लोक कंटाळले होते असं म्हणता येत नाही.

"मग रॉम्नीचं काय?" वकील इरेला पेटला. "तोही श्रीमंत, तोही मवाळ, आणि ओबामासमोर रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार. 2012 ला 47 टक्के मतं घेतली. कोट्यवधी माणसं काय उगाच गेली मतदानाला?"

इथे आमच्या बँकेतल्या ताई बोलल्या. त्या आकड्यांच्या बाबतीत पक्क्या. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना तेव्हा विचारलं होतं, उमेदवारात सगळ्यात आधी काय बघितलंत? पर्याय चार. खंबीर नेता, आपल्यासारखीच मूल्यं, पुढची दृष्टी, आणि आमच्यासारख्यांची काळजी असणं. पहिल्या तिन्ही गटांत रॉम्नी ओबामाच्या पुढे होता. चौथ्या गटात ओबामाला 81 टक्के, रॉम्नीला 18.

"तिथे गेली निवडणूक," ताई म्हणाल्या. "लोक बंगला, गाडी बघत नाहीत रे. ते बघतात, आमच्यासाठी उभं राहून ह्याचं काय जातंय?"

वकील गप्प. मग मीच बोललो, कारण ही गोष्ट मला मनापासून लागते. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना रॉम्नीनं 2006 मध्ये आरोग्यविम्याचा कायदा केला. विमा नसलेल्यांचं प्रमाण त्या राज्यात देशात सर्वांत कमी झालं. औषधाच्या बिलाला घाबरणाऱ्या माणसासाठी त्यानं खरं काम केलं होतं. आणि 2012 ला पक्षातले कडवे नाराज होतील म्हणून तेच काम त्यानं झाकून ठेवलं, स्वतःला कडवा म्हणवून घेतलं. वर देणगीदारांच्या जेवणात देशातले 47 टक्के लोक सरकारवर विसंबलेले आहेत असं बोलून बसला. ते चित्रीकरण सप्टेंबरात बाहेर आलं. लोकांकडे त्याला ओळखायला दुसरं उरलं काय? तो कायदा छातीला लावून फिरला असता, तर प्रायमरीत पडला असता कदाचित. पण लोकांना माणूस दिसला असता.

"फ्रँकलिन रूझवेल्ट काय गरीब होता?" मास्तरांनी मला जोड दिली. "हडसनकाठची पिढीजात इस्टेट. पण राष्ट्राध्यक्ष असताना 1936 ला भर सभेत म्हणाला, धनदांडगे माझा द्वेष करतात, मला तो द्वेष मान्य आहे. आपल्याच गोतावळ्याशी वैर घेतलं. लोक वेडे झाले त्याच्यापाठी."

"वैर रॉम्नीनंही घेतलं की," वकील म्हणाला. "2020 च्या फेब्रुवारीत, ट्रम्पच्या महाभियोगात."

आम्हा सगळ्यांना ते आठवलं. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवणारं मत देणारा तो अमेरिकेच्या इतिहासातला पहिला सिनेटर. पुढच्या वर्षी युटा या त्याच्या राज्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

महाभियोगावरच्या त्या भाषणात देवापुढे घेतलेल्या शपथेबद्दल बोलताना त्याचा आवाज दाटून आला होता आणि तो मध्येच थांबला होता. 2012 च्या अख्ख्या प्रचारात मला तो तसा एकदाही दिसला नव्हता.