मेन नीडल कसून आयडल सुधारत नसतो

'ग्लो इंजिन आयडलला बंद पडतंय? मेन नीडल कसत जा, आवाज चिरका झाला की जमलं. इंधनातलं तेल कमी करा, नायट्रो वाढवा, प्लगची बॅटरी लावूनच उडवा.' एअरोमॉडेलिंगच्या, म्हणजे छोटी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या, ग्रुपांवर हा फॉरवर्ड फिरतोय. काल भाच्याने तो मला पाठवला, खाली "मामा, करून बघू का?" नको रे बाबा!

मेन नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरचा मुख्य इंधन-स्क्रू, ठरवते ते फुल थ्रॉटलचं इंधन. आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद चालीला, कार्ब्युरेटरचा बॅरल (हवेची वाट उघडझाप करणारा फिरता भाग) जवळपास मिटलेला असतो. तिथे किती इंधन जायचं, ते बॅरल फिरवणाऱ्या थ्रॉटल आर्मच्या मधोमध खोल बसलेल्या बारीक स्क्रूच्या हातात. मग मेन कसल्यावर फरक का वाटतो? आयडल मुळात रिच (मिश्रणात इंधन जास्त) असेल तर मागून येणारं इंधन किंचित घटल्यानेही तो सुधारल्यासारखा वाटतो. फॉरवर्डमध्ये खरं आहे ते एवढंच. किंमत वसूल होते ती हवेत. तिथे प्रॉपवरचा (पंख्यावरचा) भार हलका होतो, आरपीएम चढतात, टाकी रिकामी होते तसं मिश्रण आणखी लीन (इंधन कमी), नाक वर केलं की त्याहून लीन. टू-स्ट्रोकला तेल मिळतं तेच इंधनातून, म्हणजे इंधन कापलं की तेलही कापलं. जमिनीवर मस्त चिरकलेलं इंजिन वर तापून बसतं. आणि त्यावर हे महाशय तेलही कमी करा म्हणतात!

ओ.एस. कंपनीच्या इंजिनाबरोबर पुस्तिका येते, ती तरी उघडा. आधी मेन, कमाल आरपीएमच्या जरा अलीकडे, रिच बाजूला. मग आयडल. आयडलवर थोडा वेळ चालू देऊन थ्रॉटल उघडायचा. भसाभसा धूर सोडत इंजिन अडखळत उठलं तर आयडल रिच, स्क्रू किंचित आत. धूर नाही, क्षणभर उसळलं आणि बंद, तर लीन, स्क्रू बाहेर. (एअर-ब्लीडवाल्या, म्हणजे स्क्रूने इंधनाऐवजी हवा ठरवणाऱ्या, जुन्या कार्ब्युरेटरला उलट.) आयडलवर असताना इंधनाची नळी चिमटीत दाबूनही कळतं. लगेच मेलं तर लीन. आरपीएम चढत चढत बराच वेळ गेला आणि मग बंद पडलं, तर रिच.

नायट्रोने (इंधनातल्या नायट्रोमिथेनने) आयडल सुधारतो, हे मान्य करावंच लागेल. पण स्क्रू चुकलेला असेल तर महागडं इंधन ओतून तो बरोबर होत नाही. बॅटरीचंही तेच. ती असते इंजिन चालू करताना ग्लो प्लग तापवायला. तिची क्लिप काढताच आरपीएम पडत असतील तर आयडल रिच आहे किंवा प्लग गेलाय. क्लिप तशीच ठेवलीत तर ते कळणारच नाही.

भाच्याला सांगितलंय, स्क्रूला हात लावण्याआधी टाकीची उंची आणि सायलेन्सरकडून येणारी प्रेशरची नळी बघ. आणि चालू इंजिनाची नीडल फिरवायची ती प्रॉपच्या मागून. फॉरवर्डमधल्या फोटोतला इसम पुढून वाकलाय.